फॉरमॅटर चालवला तरी शिव्या, नाही चालवला तरी शिव्या

तीन ओळी. दुसऱ्यांच्या प्रोजेक्टच्या कोडमध्ये फक्त तीन ओळींची दुरुस्ती आहे हो! फाईलच्या शेवटी न्यूलाइन (ओळ संपल्याची खूण) नसेल तर शेवटची नोंद गायब होते, एवढाच बग. लूपची अट बदलली, एक टेस्ट लिहिली, पुल रिक्वेस्ट (पीआर), म्हणजे ‘हा बदल घ्या’ अशी विनंती, टाकली. आज नववा दिवस. बगबद्दल अजून कोणी चकार शब्द काढलेला नाही.

पहिल्याच दिवशी सीआयवर, म्हणजे आलेला कोड आपोआप तपासणाऱ्या यंत्रणेवर, लाल फुली. का, तर क्लँग-फॉरमॅट या फॉरमॅटरला, म्हणजे कोडची मांडणी ठरावीक साच्यात बसवणाऱ्या टूलला, फाईल पसंत नाही. माझ्या तीन ओळी नव्हे, अख्खी फाईल! ती मेन ब्रँचवर, म्हणजे प्रोजेक्टच्या मूळ कोडमध्ये, तशीच वर्षानुवर्षं पडून आहे, पण तपासणी होते फक्त पीआरने हात लावलेल्या फायलींची. म्हणजे आजवरच्या सगळ्यांची पापं शेवटी हात लावणाऱ्याच्या गळ्यात. बरं, बदल पाठवणाऱ्यांसाठीचे नियम असतात त्या कॉन्ट्रिब्युटिंग फाईलमध्ये ठळक अक्षरांत लिहिलंय, पाठवण्याआधी फॉरमॅटर चालवा. चालवला. डिफ, म्हणजे बदललेल्या ओळींची यादी, तीन ओळींवरून ४१२ ओळींवर. शिवाय सीआयचं क्लँग-फॉरमॅट १४ आणि माझं १८, त्यामुळे फुली तरीही लालच. ते जुनं व्हर्जन शोधून बसवण्यात एक संध्याकाळ गेली, ती वेगळीच.

मग पहिले रिव्ह्यूअर आले. ‘कृपया असंबंधित बदल काढून टाका.’ काढले. फुली परत लाल.

मग दुसरे आले. ‘या फोल्डरमध्ये आम्ही फॉरमॅटर पाळत नाही. बरोबरची (=) चिन्हं एका रेषेत आणा.’

आता ही रेष जरा जवळून बघा. एकाखाली एक चार असाइनमेंट (व्हेरिएबलला किंमत देणाऱ्या ओळी) आहेत, चारही चिन्हं स्पेस मारून मारून एका उभ्या रेषेत बसवलेली. पाचवी ओळ माझी, आणि माझ्या व्हेरिएबलचं नाव बाकीच्यांपेक्षा दोन अक्षरं लांब. म्हणजे रेष जुळवायची तर वरच्या चारही ओळी दोन-दोन स्पेसनी सरकवायच्या. त्या ओळी माझ्या नाहीत. त्यांना हात लावणं म्हणजे काय? असंबंधित बदल! पहिले रिव्ह्यूअर काढा म्हणतात, दुसरे करा म्हणतात आणि हाताने जुळवलेलं सगळं फॉरमॅटर मोडून ठेवतो. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना.

आणि सगळ्यात चीड आणणारी गोष्ट ही, की क्लँग-फॉरमॅटमध्ये याचं सेटिंग आहे! अलाइन-कन्सेक्युटिव्ह-असाइनमेंट्स. या फोल्डरच्या कॉन्फिगमध्ये एक ओळ टाका, मशीन आयुष्यभर रेषा आखत बसेल. मी अगदी नम्रपणे सुचवलं. उत्तर आलं, ‘त्याने इतर फायलीही बदलतील, यावर वेगळी चर्चा करायला हवी.’ म्हणजे तुमची परंपरा तुमच्याच फायली पाळत नाहीत, पण मी पाळायची.

‘गिट-क्लँग-फॉरमॅट वापर, फक्त बदललेल्या ओळी फॉरमॅट होतात,’ हे सांगायला येऊ नका. माहितीये मला. सीआयला सांगा.

मी काही टूलचा भक्त नाही. गो भाषेच्या गोफम्ट या फॉरमॅटरचे टॅब मला आजही डोळ्यांत खुपतात. पण त्यात शैलीची सेटिंगच नाहीत, वाद घालायला जागाच नाही, म्हणून गोच्या पीआरमध्ये इंडेंटवर मी आजवर एक अक्षर बोललेलो नाही. याच्या उलट लिनक्स कर्नल. तिथली माणसं काही मऊ बोलण्यासाठी प्रसिद्ध नाहीत, पण चेकपॅच या त्यांच्या शैली तपासणाऱ्या टूलच्या डॉक्युमेंटेशनमध्येच लिहिलंय, की हे टूल दरवेळी बरोबर नसतं, तुमचा विवेक त्याच्या वर. चालेल. मशीनचं ऐका किंवा माणसाचं ऐका, दोन्ही चालेल. पण सकाळी मशीन आणि संध्याकाळी माणूस, आणि कधी कोण ते दोन-तीन जणांच्या डोक्यात? नवख्या माणसाने काय स्वप्नात बघायचं?

विषय निघालाच आहे तर ते ८० कॉलम, म्हणजे एका ओळीत जास्तीत जास्त ८० अक्षरं. आयबीएमने १९२८ मध्ये ८० कॉलमचं पंचकार्ड काढलं आणि आम्ही अजून त्या पुठ्ठ्यात मावायला पोट आत घेतोय. पायथनच्या शैलीचं नियमपत्रक पेप ८ म्हणतं ७९, पायथनचाच फॉरमॅटर ब्लॅक म्हणतो ८८. चेकपॅचने २०२० मध्ये इशारा १०० वर नेला, तरी कर्नलच्या स्टाइलच्या डॉक्युमेंटमध्ये पसंती अजून ८० लाच. मागे एका प्रोजेक्टमध्ये ८१ व्या कॉलमला सेमीकोलन गेला म्हणून माझा पॅच परत आला होता. एक सेमीकोलन! आणि ते कमिट मेसेज, म्हणजे बदलासोबत लिहायची टीप. ‘फिक्स्ड’ नको, ‘फिक्स’ लिहा, शेवटी पूर्णविराम नको. आणि काही प्रोजेक्टमधला तो स्टेल बॉट, पडून राहिलेले पीआर आपोआप बंद करणारा! रिव्ह्यूअरच्या उत्तराची वाट मी बघतोय, आणि ‘हालचाल नाही’ म्हणून पीआर बंद माझा.

तर काल रात्री या सगळ्यावर जळजळीत उत्तर लिहायला बसलो. आपण स्वतः कसे आदर्श मेंटेनर (प्रोजेक्ट सांभाळणारे) आहोत याचा पुरावा जोडावा म्हणून माझ्या छोट्याशा लायब्ररीतले जुने रिव्ह्यू उघडले. गेल्या महिन्यात एका पोराने पीआर पाठवला होता. खाली माझी कॉमेंट, म्हणजे किरकोळ खुसपट: ‘निट: रिटर्नच्या आधी आम्ही रिकामी ओळ ठेवतो.’

आम्ही? कोण आम्ही? त्या लायब्ररीत मी एकटा आहे. हा नियम कॉन्फिगमध्ये नाही, रीडमीत नाही, आणि शोधून बघितलं तर माझ्याच निम्म्या फंक्शनांमध्ये ती ओळ नाही. पोराने बिचाऱ्याने मुकाट्याने ओळ टाकली, वर ‘थँक यू’ म्हणाला.

जळजळीत उत्तर खोडलं. रिकाम्या ओळीचा नियम नको, असं माझ्या कॉन्ट्रिब्युटिंग फाईलमध्ये एका वाक्यात लिहून पुश केलं. लाल फुली. मार्कडाउन लिंटर (अशा मजकुराच्या फायलींची शैली तपासणारं टूल) म्हणे, ओळ ८० च्या पुढे गेली. तो लिंटर मीच कधीतरी लावलेला.

तिकडे तीन ओळी अजून उघड्याच. आत्ताच नोटिफिकेशन आलं, तिसरे रिव्ह्यूअर. ‘टेस्टच्या नावात अंडरस्कोर नको.’