शेवाळ बाहेर काढल्याशिवाय पाणी शुद्ध होत नाही

‘शेवाळाची वेगळी टाकी जोडा आणि खारे पाणी आयुष्यात बदलू नका’ असा एक संदेश सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो आहे. तो राजारामपुरीतल्या माझ्या पुतण्यापर्यंत पोहोचला आणि त्याने समुद्री मासे आणि प्रवाळ ठेवलेल्या आपल्या २०० लिटरच्या टाकीवर हा प्रयोग सुरूही केला. समुद्र घाटाखाली आणि आपण घाटावर, त्यामुळे कोल्हापुरात खाऱ्या पाण्याची टाकी ठेवायची तर मीठ विकत आणून पाणी तयार करावे लागते. पाणी न बदलण्याचा मोह म्हणूनच समजण्यासारखा आहे; संदेशातला बेजबाबदारपणा मात्र नाही.

एक गोष्ट खरी आहे, ती मान्य करावीच लागेल. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून तयार होणारे अमोनिया, नायट्रेट व फॉस्फेट शेवाळ शोषून घेते. अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्थेचे वॉल्टर एडी यांनी याच तत्त्वावर प्रवाळांची मोठी टाकी चालवली आणि १९८२ मध्ये त्या पद्धतीचे पेटंट मिळवले. संदेशात त्यांचा दाखला मोठ्या दिमाखात दिला आहे. परंतु जाळीवर वाढलेले शेवाळ ठरावीक दिवसांनी खरवडून बाहेर काढायचे, हा त्या पद्धतीचा गाभा आहे आणि नेमका तोच संदेशात गाळलेला आहे.

गाळला एवढेच नाही, तर त्याच्या उलट सांगितले आहे: ‘शेवाळाला हात लावू नका, जितके दाट तितके पाणी शुद्ध.’ याहून चुकीचा सल्ला देता येणे कठीण आहे. शेवाळ नायट्रेट नष्ट करत नाही, ते स्वतःच्या अंगात साठवते. जुडगा दाट झाला की वरचा थर उजेड अडवतो, खालचा थर पिवळा पडून बोटांनी दाबताच लगदा होतो, आणि साठवलेले सगळे पुन्हा पाण्यात उतरते. पंचगंगेतली जलपर्णी काढून तिथेच काठाच्या पाण्यात कुजत ठेवली तर नदी स्वच्छ झाली असे आपण म्हणू का? हिशोबच करायचा तर १०० ग्रॅम ओल्या शेवाळात सुका भाग साधारण १० ग्रॅम असतो. त्यात २ टक्के नायट्रोजन धरला, तर ते शेवाळ बाहेर काढल्याने सुमारे ०.९ ग्रॅम नायट्रेट टाकीबाहेर जाते, म्हणजे २०० लिटरमध्ये लिटरमागे साडेचार मिलिग्रॅमच्या आसपास. काढले नाही तर यातले काहीच बाहेर जात नाही.

‘कोणतेही शेवाळ चालेल, रंकाळ्यातलेही’ या वाक्यावर फार वेळ घालवण्याची गरज नाही. गोड्या पाण्यातले शेवाळ समुद्राच्या खारटपणात टिकत नाही, ते मरून कुजते. समुद्री शेवाळातही निवड महत्त्वाची आहे. कॉलर्पा झपाट्याने वाढते, पण तिचा पसारा म्हणजे एकच महाकाय पेशी असते. प्रजननाच्या वेळी ती आतला सगळा ऐवज पाण्यात सोडून देते, मागे पांढरे पारदर्शक पान उरते, पाणी हिरवट गढूळ होते आणि प्राणवायू घटून मासे दगावू शकतात. तारेच्या गुंत्यासारखी दिसणारी कीटोमॉर्फा त्या मानाने पुष्कळच निर्धोक आहे. शेवाळावर दिवा चोवीस तास लावण्याचा संदेशातला सल्ला कॉलर्पा पाळणाऱ्यांकडून आलेला आहे, कारण अखंड उजेडात तिचे प्रजनन लांबते असा त्यांचा अनुभव. कीटोमॉर्फाला त्याची गरज नाही. मुख्य टाकीचा दिवा बंद असताना शेवाळाचा दिवा लावला तर रात्री पाण्याचा पीएच कमी घसरतो, आणि तेवढे पुरेसे आहे.

पाणी न बदलण्याबद्दल एवढेच सांगतो की प्रवाळ आपला सांगाडा बांधण्यासाठी पाण्यातले कॅल्शियम आणि कार्बोनेट वापरतात व ते भरून काढणे शेवाळाला शक्य नाही.

आणि ‘पातळी खाली गेली की मिठाचे पाणी घाला’ हे वाक्य वाचून तर मी पुतण्याला ताबडतोब फोन केला. बाष्पीभवनात फक्त पाणी उडते, मीठ टाकीतच राहते. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत रोज दोन लिटर पाणी उडाले आणि तेवढेच खारे पाणी ओतले, तर दहा दिवसांत ७०० ग्रॅम जादा मीठ जमते आणि क्षारता ३५ वरून ३८.५ वर जाते. प्रवाळांना हा ताण सोसणे अवघड आहे. उडालेल्या पाण्याच्या जागी आरओचे गोडे पाणीच घालावे, आणि रिफ्रॅक्टोमीटरने क्षारता नियमित तपासावी.