तीन हजार वर्षांत एक सेकंद

परभणीत वेळेवाचून कुणाचं फारसं अडत नाही. लग्नपत्रिकेवर मुहूर्त १२ वाजून ५७ मिनिटांचा छापतात आणि अक्षता पडतात दोनला. पण ते ५७ छापल्याशिवाय कुणाचं समाधान होत नाही. अशा गावात राहून मला १० मेगाहर्ट्झची अशी लहर हवी होती, की जी शंभर अब्जांत एका भागापेक्षा जास्त चुकणार नाही. म्हणजे तीन हजार वर्षांत एक सेकंद. सातवाहनांनी पैठणला अशी लहर देणारा डबा चालू करून ठेवला असता, तर आजपर्यंत त्याचा सेकंदसुद्धा मागंपुढं झाला नसता. (मधे लाइट गेली नसती, तर.)

हौस हॅम रेडिओची, म्हणजे घरच्या रेडिओवरून लांबच्यांशी बोलायची. कतारच्या एका टीव्ही उपग्रहावर आम्हा हौशी लोकांसाठी वेगळा कोपरा राखून ठेवलाय, तो २०१९ पासून खुला आहे. परभणीहून बघितलं तर उपग्रह पश्चिमेला, क्षितिजापासून तीसेक अंश वर. त्याचा सिग्नल साडेदहा गिगाहर्ट्झच्या जवळपास उतरतो आणि तो झेलायला टीव्हीच्या छत्रीचाच एलएनबी, म्हणजे छत्रीसमोरचा सिग्नल पकडणारा ठोकळा, चालतो. गोम अशी, की त्या एलएनबीत साधारणपणे २५ मेगाहर्ट्झनं थरथरणारा स्फटिक असतो आणि आत त्याची ३९० पट होते. स्फटिक एक हर्ट्झ सरकला, की आवाज ३९० हर्ट्झ सरकला. आणि आमचा एलएनबी गच्चीवर, मे महिन्यात, पत्र्याला लागून! ढगाची सावली आली की पलीकडच्याचा घसा बसतो, ऊन पडलं की तोच माणूस बाईच्या आवाजात बोलायला लागतो, आणि दुपारी दोनच्या सुमारास बोलता बोलता निघूनच जातो. संगणकाला उपग्रहाच्या बीकनवर, म्हणजे त्याच्या ठरलेल्या खुणेच्या सिग्नलवर, नजर ठेवायला लावली तर हे सावरता येतं, ठाऊक आहे मला. पण मग हौस कसली?

यावर उतारा म्हणजे मोबाइल टॉवरमधून उतरवलेला जीपीएसवाला डबा. त्याच्या १० मेगाहर्ट्झच्या लहरीला एलएनबी बांधून टाकायचा, म्हणजे तो सरकत नाही. सीडीएमए या जुन्या मोबाइल पद्धतीच्या काळात सगळे टॉवर एकच कोड वापरायचे, फक्त प्रत्येकानं तो वेगवेगळ्या क्षणी सुरू करायचा. म्हणून साऱ्यांची घड्याळं मायक्रोसेकंदापर्यंत जुळवावी लागत. तो जमाना गेला आणि डबे भंगारात आले. आत एक उत्तम स्फटिक, त्याला छोट्याशा भट्टीत ऐंशीएक अंशांवर ठेवलेलं, म्हणजे बाहेरच्या हवेचं त्याला काही वाटत नाही. वर जीपीएसच्या अणुघड्याळांचा सेकंद त्याचा कान धरून बसलेला.

"भट्टी?" बायको म्हणाली. "परभणीत? पैसे देऊन?"

इथून निवडीचा जाच सुरू होतो. एचपीचा झेड-३८०१-ए हा घराणेदार डबा, पण त्याला टॉवरची सवय. बहुतेकांना ४८ व्होल्ट लागतात. म्हणजे चार बॅटऱ्या आणि मग घरात बसायला जागा कुठं? ट्रिंबलचा थंडरबोल्ट आटोपशीर, पण त्याला ५, १२ आणि उणे १२ असे तीन निरनिराळे व्होल्ट हवेत. जावयाचे नखरे याहून कमी. ल्युसेंटची तर जोडीच येते, एकमेकांना तारेनं बांधलेली. काही डबे १० मेगाहर्ट्झ देतच नाहीत, १९.६६०८ देतात. टॉवरला तेच हवं होतं, त्याला काय माहीत मी पुढं येणार आहे!

संभाजीनगरच्या एका भंगारवाल्याला फोन लावला. फेज नॉइज किती, स्फटिक कोणत्या कटचा, जीपीएस गेल्यावर किती तास तग धरतो, सगळं विचारलं. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "साहेब, किलोवर घ्यायचंय का नगावर?"

अण्णांना सांगायला गेलो तर त्यांचा पहिला प्रश्न, "टाइम तर बरोबर दाखवतंय ना?"

"तसं नाही अण्णा. किती वाजले ते महत्त्वाचं नाही. सेकंद केवढा असतो ते सांगतंय."

अण्णा बराच वेळ माझ्याकडं बघत राहिले. मग मी खरं ते सांगून टाकलं. जीपीएसचा आठवड्यांचा आकडा १०२३ पर्यंत जातो आणि परत शून्यावर येतो. त्यामुळं काही जुन्या डब्यांना २०१७ च्या जुलैत एकदम १९९७ चा डिसेंबर आला. साल चुकलं तरी लहर मात्र तिळभर हलत नाही.

"माझं बी तसंच हाय की," अण्णा म्हणाले. "साल ध्यानात राहत नाही, पण चहाची वेळ चुकत नाही." डब्याच्या बाजूनं घरात पडलेलं हे एकमेव मत.

माझ्या मते या व्यवहारात दशांशचिन्हापुढच्या शून्यांना फार भाव द्यायचा नसतो. दिल्लीहून लागायचं ते वेळेचे ठोके देणारं ए.टी.ए. रेडिओ केंद्र चालू होतं तोवर १० मेगाहर्ट्झवर कान लावून मंडळी रेडिओ जुळवायची, आणि त्यांचंही बरं चालायचं. आमच्याकडं खरा प्रश्न भारनियमनाचा. लाइट गेली की भट्टी थंड. आली की गरम व्हायला अर्धा तास, आणि उपग्रहांशी नीट सूर जुळायला त्याहून कितीतरी जास्त. तेवढ्यात पुन्हा लाइट जाते. अचूकता कागदावर कितीही असो, डबा कायम तापतच राहणार.

तेव्हा बारा व्होल्टवर चालणारा आणि इन्व्हर्टरच्या बॅटरीला थेट जोडता येईल असाच घ्यायचा, हे ठरलं. बॅटरीवर तेवढी जागा निघेल, फक्त रात्रीचा एक पंखा बंद ठेवावा लागेल. कुणाच्या खोलीतला, यावर बोलणी चालू आहेत.