पाच गोळ्यांवर लॉट ठरवू नका

रायफल नेमबाजीच्या काडतुसांवरच्या एका लेखात म्हटलंय, पाच गोळ्यांचा ग्रुप (लक्ष्यावरच्या भोकांचा पुंजका) घट्ट बसला की तो लॉट (कारखान्यात एकाच खेपेत बनलेली काडतुसं) रायफलला मानवला. नाही पटलं. तीच रायफल, तोच लॉट घेऊन पाच-पाचचे ग्रुप मारत राहा, एखादा दुसऱ्याच्या दुप्पट सहज निघतो. दहा गोळ्यांचा ग्रुप तर सरासरीने तीन गोळ्यांच्या ग्रुपच्या दीडपट भरतोच, त्यात काडतुसाचा काय दोष?

५० मीटरला दहा गुणांचं वर्तुळ जेमतेम १०.४ मिमीचं, आणि त्यासाठीचं पॉइंट टू-टूचं (०.२२ इंची) काडतूस घरी भरायची सोय नाही, कारखान्यातून येतं तेच वापरायचं. म्हणून लॉट तपासायलाच हवा, पण रायफल क्लॅम्पमध्ये घट्ट धरून आणि प्रत्येक लॉटच्या निदान चाळीसेक गोळ्या एकत्र मोजून. नेमबाज स्वप्निल कुसाळेचं पॅरिस ऑलिंपिकचं कांस्य पाहून आमच्याकडची पोरं आधी महागड्या काडतुसांचा डबाच मागतात! नवशिक्याच्या हाताची थरथर लॉटमधल्या फरकापेक्षा कितीतरी मोठी असते.