रिपोर्ट आप्पांचा, घाई आमची

हे लिहू की नको, यातच दोन महिने गेले. विषय वडिलांच्या प्रोस्टेटच्या कॅन्सरचा, म्हणजे लघवीच्या जागेचा, आणि आमच्या सांगलीकडे मुलीने असलं काही चारचौघांत बोलायची पद्धत नाही. पण परवा आप्पाच म्हणाले, "लिही. नाव तेवढं घालू नको." म्हणून लिहितेय. लांबलंय, सवडीने वाचा.

आप्पा ७१ वर्षांचे. सहकारी बँकेत कॅशियर होते, त्यामुळे आकड्यांची वही ही जन्माची सवय. दुधाचा हिशोब, गॅसची टाकी लावल्याची तारीख, शुगर, बीपी, सगळं एकाच लांब वहीत. रात्री चार-चारदा उठावं लागायचं म्हणून तीन वर्षांपासून प्रोस्टेटची (पुरुषांच्या मूत्राशयाखाली असते ती ग्रंथी) गोळी चालू होती. गेल्या वर्षी एका तपासणी शिबिरात रक्त दिलं, त्यात पीएसए (प्रोस्टेटमधून रक्तात उतरणारं एक प्रथिन, त्याची तपासणी) आली ४.१. कागदावर छापलेलं, चारपर्यंत नॉर्मल. एका दशांशाने काय होतंय, म्हणून आम्ही सोडून दिलं. आप्पांनी मात्र वहीत लिहून ठेवलं.

सहा महिन्यांनी शुगर दाखवायला गेलो. नव्या डॉक्टरीण बाईंनी औषधांची सगळी पाकिटं टेबलावर ओतायला लावली, एक उचलून मागची बारीक अक्षरं वाचली आणि विचारलं, "ही चालू असताना केलेली पीएसए आहे ना? मग दुप्पट करा." त्या गोळीत ड्युटास्टेराइड होतं. ते किंवा फिनास्टेराइड सहा महिने-वर्षभर पोटात गेलं की ग्रंथी आक्रसते आणि पीएसए साधारण निम्म्यावर येते. कॅन्सर असो-नसो, आकडा खालीच दिसतो. म्हणजे आमचे ४.१ खरे ८.२ होते. तुमच्या घरात कुणी प्रोस्टेटची गोळी घेत असेल तर आजच पाकीट उलटं करून बघा. नुसतं टॅमसुलोसिन (ग्रंथी न आक्रसवणारं दुसरं औषध) असेल तर हा हिशोब लागू नाही.

मग एमआरआय झाला. त्यात एक डाग संशयाचा निघाला, म्हणून बायोप्सी करून ग्रंथीचे तुकडे काढले. बारा तुकडे, त्यातल्या दोन तुकड्यांत कॅन्सर सापडला. रिपोर्टवर एक ओळ: ग्लीसन ३+४=७.

त्या हॉस्पिटलचं नाव मी घेणार नाही. रिपोर्ट हातात पडून दहा मिनिटं झाली नसतील, आम्ही बिलिंगच्या खिडकीसमोर उभे होतो आणि पलीकडची मुलगी पॅकेज सांगत होती. रोबोटने केलं तर एवढे, बिनरोबोटचे एवढे, येत्या गुरुवारी तारीख मोकळी आहे, आगाऊ भरली तर बरं. दादा बंगळूरहून फोनवर, "पैशाची काळजी करू नका, लगेच काढून टाका." काकांचं म्हणणं, "नासका आंबा आढीत ठेवायचा नसतो." मी कार्ड काढून तयार. आणि आप्पा कुठे? मागे बाकड्यावर, फायलीची पिशवी मांडीवर घेऊन, समोरच्या टीव्हीवरच्या पावसाच्या बातम्या बघत. त्यांना कुणी काही विचारलंच नव्हतं. मीही नाही.

पैसे भरले नाहीत ते केवळ मशीनला रेंज नव्हती म्हणून.

रात्री जेवताना आप्पांनी विचारलं, "सात म्हणजे दहापैकी सात का?" त्यांच्या डोक्यात सत्तर टक्के कॅन्सर बसला होता. माझ्याही, खरं सांगायचं तर. तसं नसतं. १९६०च्या दशकात अमेरिकेत डोनाल्ड ग्लीसन नावाच्या पॅथॉलॉजिस्टनी पेशींच्या ठेवणीला एक ते पाच क्रमांक दिले. ठेवण जितकी विस्कटलेली तितका क्रमांक मोठा. जास्तीत जास्त दिसणारी ठेवण आधी, तिच्या खालोखालची नंतर, आणि दोघांची बेरीज. पण आजकाल तुकड्याच्या रिपोर्टात तीनच्या खालचा क्रमांक देतच नाहीत, त्यामुळे सुरुवातच सहापासून. सहा म्हणजे सगळ्यात सौम्य, आणि सातही दोन तऱ्हेचे: ३+४ वेगळा, ४+३ वेगळा, दुसरा जास्त वाईट. या गोंधळामुळे आता एक ते पाच अशी नवी पायरीही रिपोर्टवर लिहितात. आप्पा दुसऱ्या पायरीवर. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बँकेत असला ताळेबंद केला असता तर मला घरी बसवलं असतं."

दुसऱ्या दिवशी मी लॅबमधून स्लाइड आणि तुकडे जपून ठेवलेले मेणाचे ठोकळे परत आणले. ते मागितले की मिळतात, रीतसर अर्ज करून. अनुभवी पॅथॉलॉजिस्टकडून दुसऱ्यांदा वाचून घेतले. तीन आणि चार यांत डोळ्यांचा अंदाज असतो, दोन तज्ज्ञांचं मत वेगळं पडू शकतं. आमचं तेच आलं, पण एक भर पडली: चार क्रमांकाचा भाग दहा टक्केच. त्या एका ओळीने तीन दारं उघडली. ऑपरेशन, शेक (रेडिएशन), किंवा सध्या काहीच न करता बारीक लक्ष ठेवणं.

सर्जनला विचारलं, ते ऑपरेशन म्हणाले. रेडिएशनच्या डॉक्टरांनी शेक सुचवला, वीस दिवसांचा. ज्याच्या दुकानात जावं तो त्याचा माल दाखवणार, त्यात गैर काही नाही. दोन्हींकडे जावं एवढंच. रेडिएशनच्या डॉक्टरांनी मग स्वतःहून ब्रिटनमधल्या एका अभ्यासाचे आकडे कागदावर लिहून दिले. आप्पांनी तो कागद वहीत चिकटवलाय. प्रोटेक्ट नावाचा अभ्यास. रोग ग्रंथीबाहेर न गेलेले १,६४३ पुरुष, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गटांत वाटले: एकाचं ऑपरेशन, एकाला शेक, एकावर नुसतं लक्ष. पंधरा वर्षांचा निकाल २०२३मध्ये आला. प्रोस्टेटच्या कॅन्सरने गेलेले तिन्ही गटांत शंभरात तीनच्या आसपास. फरक दुसरीकडे पडला. लक्ष ठेवलेल्यांपैकी शंभरात नऊ जणांचा रोग बाहेर पसरला, बाकी दोन गटांत पाचच्या आसपास. आणि लक्ष ठेवलेल्यांतल्या साठेक टक्क्यांनी पुढे कधी ना कधी उपचार घेतलाच. म्हणजे थांबणं म्हणजे मोकळं सुटणं नव्हे. दर काही महिन्यांनी पीएसए, मधूनमधून एमआरआय, पुन्हा तुकडे. ज्याला हे जमणार नाही, गाव लांब आहे किंवा मनाला टोचणी लागून झोप उडते, त्याने थांबू नये असं माझं मत झालंय.

(आठ, नऊ, दहा ग्लीसनवाल्यांनी यातलं काही स्वतःला लावून घेऊ नका. तो खेळच वेगळा.)

किंमत कोणती मोजायची, इथे गाडी अडते. त्याच अभ्यासात ऑपरेशनवाल्यांपैकी जवळपास निम्मे सहा महिन्यांनी लघवी गळते म्हणून पॅड वापरत होते, आणि सहा वर्षांनी शंभरात १७. शेकवाल्यांत ते चारच, पण त्यांच्यातल्या काहींना शौचाचा त्रास, रक्त पडणं. हे ऐकल्यावर आप्पा पहिल्यांदा स्वतःहून बोलले. "एकादशीच्या भजनाला मांडी घालून बसायचं आणि खालून ओलं व्हायचं, हे मला जमणार नाही." आम्ही सगळे 'जीव महत्त्वाचा' म्हणत होतो, आणि त्यांच्यालेखी जीव म्हणजे ते भजन होतं, हे आमच्यापैकी कुणाला सुचलंही नव्हतं.

आणि दुसरी गोष्ट. सर्जननी विचारलं, "संबंध आहेत का अजून?" मी जमिनीकडे बघायला लागले. आप्पा खिडकीकडे. दहा सेकंद कुणी बोलेना. मग शेजारून आई, पदर सावरत, एकदम साध्या आवाजात म्हणाली, "आहेत की." डॉक्टर हसले नाहीत, त्याबद्दल त्यांना मनापासून नमस्कार. त्यांनी चित्र काढून दाखवलं की त्या कामाच्या नसा ग्रंथीच्या दोन्ही अंगांना चिकटून जातात. पूर्वी त्या सरसकट तुटायच्या. १९८२मध्ये पॅट्रिक वॉल्श या अमेरिकन सर्जननी त्या वाचवून ऑपरेशन करायची पद्धत काढली. पण वय ७१, त्यात जुनी शुगर, तेव्हा खात्री देता येणार नाही. घरी येताना रिक्षात आई मला म्हणाली, "तुला ओशाळायला काय झालं? आजार त्यांचा आहे तसा माझापण आहे."

आप्पांनी लक्ष ठेवायचं ठरवलं. निर्णय त्यांचा आणि आईचा.

आता इथे थांबले तर वाटेल, मी म्हणतेय प्रोस्टेटच्या कॅन्सरचं काही मनावर घेऊ नका. म्हणून मामांचं सांगते. मामा जत तालुक्यात, डाळिंबाची बाग. कंबर दुखत होती. मणक्यात गॅप आहे म्हणून पट्टा, मालीश, गोळ्या, असे आठ महिने गेले. पाय लटपटायला लागला तेव्हा मिरजेला आणलं. पीएसए सहाशेच्या वर, हाडांच्या स्कॅनमध्ये कंबर आणि फासळ्या काळ्याकुट्ट. नाव एकच, प्रोस्टेटचा कॅन्सर, पण आप्पांच्या आजाराशी याचं नातं तेवढंच. इथे ग्रंथी काढून उपयोग नव्हता. हा रोग वाढतो पुरुषी हार्मोनवर, तेव्हा ते हार्मोन तोडायचं. चार्ल्स हगिन्सनी हे १९४१मध्ये दाखवलं आणि १९६६मध्ये त्याबद्दल नोबेल मिळवलं. आजही पाया तोच आहे. एक तर दर तीन महिन्यांनी महागडं इंजेक्शन, नाही तर दोन्ही अंडकोष एकदाच काढणं, छोटं ऑपरेशन.

डॉक्टर आडवळणाने समजावत होते. मामांनी मध्येच तोडलं, "म्हणजे बैलाला खच्ची करत्यात, तसंच न्हवं?" डॉक्टर म्हणाले, तसंच. मामा थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "करा. पाणी तोडलं की पीक वाळतंय." दर तीन महिन्यांनी बाग सोडून यायचं नव्हतं त्यांना. वर ते हार्मोन आणखी दाबणाऱ्या ॲबिराटेरॉनच्या गोळ्या चालू केल्या. आपल्याकडे त्यांची भारतीय कंपन्यांची स्वस्त औषधं मिळतात, ही मोठी गोष्ट. आज चार वर्षं होत आली, मामा बागेत उभे असतात. अंगातून गरम वाफा निघतात, हाडांसाठी वेगळं औषध घ्यावं लागतं. मामी म्हणते, "आता कळलं का बायकांना काय होतं ते!"

मामांची पीएसए कुणी कधीच केली नव्हती. आपल्या सरकारी तपासणी मोहिमेत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख आहे, प्रोस्टेट नाही. त्याला कारण आहे. पीएसए काही फक्त कॅन्सरने वाढत नाही. ग्रंथी नुसती मोठी झाली, जंतू गेला, लघवीची नळी घातली, तरी वाढते, आणि सगळ्यांची केली तर कधीच त्रास न देणारे कॅन्सरही हाती लागून ऑपरेशन टेबलावर जातात. १९७०मध्ये प्रोस्टेटमधलं प्रतिजन शोधणाऱ्या रिचर्ड ॲब्लिन यांनीच २०१०मध्ये वर्तमानपत्रात लेख लिहून सरसकट पीएसएवर कोरडे ओढले होते. ते मला अर्धंच पटतं. दोष रक्ताच्या तपासणीचा नाही, रिपोर्टनंतरच्या पहिल्या दहा मिनिटांचा आहे. २०२५च्या मे महिन्यात अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष बायडन यांचं कळलं, ग्लीसन नऊ आणि हाडांत पसरलेला, तेव्हा त्यांच्या कार्यालयाने सांगितलं की शेवटची माहीत असलेली पीएसए २०१४ची. आमच्या मामांची आणि त्यांची गोष्ट इतकी सारखी निघेल असं वाटलं नव्हतं.

म्हणून माझं म्हणणं: पन्नाशी-पंचावन्न ओलांडलेल्यांनी डॉक्टरांशी बोलून एकदा तरी करावी. वडिलांना, भावाला झाला असेल तर आणखी आधी, पंचेचाळिशीच्या सुमाराला.

आमच्या दादाला ४७वं चालू आहे. वडील इकडून, मामा तिकडून. अजूनही तो दर रविवारी फोन करून विचारतो, "मग आप्पांचं काढायचं कधी?" मागच्या रविवारी आप्पांनी त्याला वहीतले आकडे वाचून दाखवले आणि विचारलं, "तू तुझी पीएसए केलीस का?"

"करू की," दादा म्हणाला, "घाई काय आहे?"