सीटी स्कॅन नॉर्मल म्हंजे फौजी नाटक करते? मेसेज चुकीचा आहे

परवा आपल्या गावच्या ग्रुपवर मीच मेसेज टाकला होता, की स्फोटाजवळ असलेल्या फौजीचा सीटी स्कॅन नॉर्मल आला म्हंजे डोक्याले काहीच झालं नाही, बाकी सगळं सुट्टी वाढवाचं नाटक. भाऊ, ते खोटं आहे, नीट न वाचता पुढं ढकललं, माही चूक.

डोक्याच्या अशा सौम्य माराले डॉक्टर कन्कशन म्हणतात अन् त्यात सीटी बहुतेक वेळा नॉर्मलच येते, कारण सीटीत रक्तस्राव, फ्रॅक्चर दिसते, पेशींचं बिघडलेलं काम दिसत नाही. जानेवारी 2020 मध्ये इराकातल्या अल असद तळावर इराणची क्षेपणास्त्रं पडली तेव्हा आधी कोणी जखमी नाही म्हणे, अन् मंग शंभरावर अमेरिकन सैनिकांले हेच निदान झालं.

आमच्याच घरचा पोरगा पोस्टिंगवरून आला तं ओलिताची मोटर लावून येते अन् पाच मिनिटानं विचारते, मोटर लावली का? थ्रेशर सुरू झालं की कान दाबून घरात. हे नाटक वाटते का कोणाले?

बहुतेक जण काही आठवडे ते तीन महिन्यात बरे होतात. एकदोन दिवस आराम, मंग हळूहळू काम, महिनाभर अंधाऱ्या खोलीत कोंडू नका, दारू तं नकोच. घडीघडी उलटी, फिट, वाढती डोकेदुखी, उठवूनही उठत नसंल तं लगेच दवाखाना.

मी तो मेसेज डिलीट केला, तुमी बी जिथं जिथं पाठवला तिथून काढा अन् हा टाका.