नुसता ‘केरास निगेटिव्ह’ पुरेसा नाही
मोठ्या आतड्याच्या कॅन्सरवरच्या एका लेखात ‘केरास निगेटिव्ह आला की सेटुक्सिमॅब चालतं’, म्हणजे गाठीतल्या केरास या जनुकात बिघाड (म्युटेशन) नसला की सेटुक्सिमॅब हे कॅन्सरचं औषध चालतं, असं म्हटलंय, ते अर्धवट आहे. रिपोर्टमध्ये केरासचे फक्त कोडॉन १२ आणि १३ (जनुकातल्या दोन ठरावीक जागा) तपासले असतील तर थांबा. केरास आणि त्याचंच भावंड जनुक एनरास, दोन्हींचे एक्सॉन (जनुकाचे भाग) २, ३, ४ बघायलाच हवेत. शिवाय बीराफ जनुकातलं व्ही६००ई हे म्युटेशनही. रास (केरास किंवा एनरास) बिघडलेलं असेल तर सेटुक्सिमॅबने वरून ईजीएफआर, म्हणजे पेशीवरचा वाढीचा सिग्नल घेणारा रिसेप्टर, अडवला तरी आतला सिग्नल चालूच राहतो. पेशंटच्या वाट्याला येतं ते पुरळ आणि भलंमोठं बिल!

आणि तपासणीसाठी काढलेला गाठीचा तुकडा कसा ठेवलाय तेही विचारा. १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिन, ६ ते ७२ तास. त्यात आठवडाभर पडून राहिला तर डीएनएचे तुकडे होतात. ब्लॉकमध्ये (तुकडा मेणात बसवून केलेल्या ठोकळ्यात) गाठीच्या पेशी कमी असल्या तरी म्युटेशन निसटतं, म्हणून रिपोर्टवर ट्यूमर पेशींची टक्केवारी लिहिलेली आहे ना, ते आधी बघा.