चिठ्ठी कुणाच्या नावाने फाडायची?

हापूसचा हंगाम आला की देवगड-रत्नागिरी वाद ठरलेला. मी देवगडचा, त्यामुळे माझं मत कुणी विचारतच नाही, धरूनच चालतात. गंमत म्हणून ठीक आहे. पण ही गंमत हिशेबात शिरली की माझं डोकं फिरतं.

आमच्याच गावात बघा. वरची वाडी, खालची वाडी. दोन्हीकडे हापूसचीच कलमं. गेल्या मोसमात कुणीतरी सुचवलं, वाशीला दोन अर्ध्या गाड्या जातात, त्यापेक्षा एकच भरून पाठवू, भाडं वाचेल. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग निघालं, मालाची चिठ्ठी कुणाच्या नावाने फाडायची? एक काका पेटीतलं गवत सारखं करत होते. मान वर न करता म्हणाले, "आमचो आंबो तेंच्या नावान जातलो? अजिबात नाय." संपला विषय. दोन्ही गाड्या अर्ध्या रिकाम्या गेल्या. भुर्दंड दोघांना, आणि समाधानही दोघांना, कारण समोरच्याचेही पैसे गेले!

ही नुसती कोकणी खोड नव्हे (तसं म्हणवून घ्यायला आपल्याला आवडतं, ते वेगळं). मानसशास्त्रज्ञ हेन्री ताजफेल यांनी ब्रिस्टलच्या शाळकरी मुलांवर केलेला प्रयोग १९७१ मध्ये छापून आला. चित्रकार क्ले आवडतो की कँडिन्स्की, एवढ्यावर गट पाडल्याचं मुलांना सांगितलं. खरं तर तेही कसेही पाडलेले. आपण सोडून बाकी कोण कुठल्या गटात, हे मुलांना ठाऊक नव्हतं. ना बांधाचा वाद, ना शिमग्याची पालखी आधी कुणाच्या दारात यावरून जुनं भांडण. तरी पैसे वाटताना, आपल्या गटाला थोडे कमी मिळाले तरी चालतील पण दुसऱ्यांपेक्षा जास्त हवेत, असाच त्यांचा कल दिसला.

हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन (म्हणजे ठरलेल्या भागातल्याच मालाला ते नाव) मिळालं, ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर अशा पाच जिल्ह्यांना मिळून. आपण मात्र एकमेकांचा आंबा दुय्यम ठरवत बसलोय, आणि बाजारात कर्नाटकचा आंबा देवगडच्या पेटीत बसून खुशाल खपतोय. (त्यात त्या आंब्याचा दोष नाही, पेटी बदलणाऱ्याचा आहे.)

पुढच्या आठवड्यात दोन्ही वाड्यांची बैठक आहे. काहीजण म्हणतायत, वडे-सागोतीचा बेत करू, एकत्र जेवलं की मनं जुळतात. पण मानसशास्त्रज्ञ मुझफ्फर शेरीफ यांनी १९५४ मध्ये अमेरिकेतल्या एका शिबिरात मुलांचे दोन गट आधी झुंजवले आणि मग एकत्र जेवायला बसवले, तर पोरांनी एकमेकांवर अन्न फेकलं. पाणी बंद पडल्यावर बिघाड मिळून शोधावा लागला, अशी कामं पुन्हा पुन्हा पडली, तेव्हा कुठे ती निवळली.

तेव्हा वडे नंतर. आधी गेल्या मोसमाच्या भाड्याच्या दोन्ही पावत्या सगळ्यांसमोर मोठ्याने वाचा.